मुंबईच्या अमलातील एडन

पारतंत्र्याचा इतिहास लिहिताना आपण स्वतःकडे केवळ जित म्हणून पाहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ब्रिटिश साम्राज्याची रचनाच अशी होती की, एका जिंकलेल्या मुलखाची तिजोरी, कारकुनी आणि पलटणी दुसरा मुलूख जिंकण्याच्या व राखण्याच्या कामी बिनदिक्कत जुंपल्या जात, आणि या व्यवहाराचे एडनइतके उघडेवाघडे उदाहरण क्वचितच सापडेल. अरबस्तानच्या नैर्ऋत्य टोकाला, विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीत वसलेले हे बंदर १९ जानेवारी १८३९ रोजी जिंकले ते मुंबई सरकारने धाडलेल्या फौजेने, आणि त्या फौजेत गोऱ्यांच्या बरोबरीने मुंबई इलाख्यातील नेटिव्ह पायदळाचे शिपाई होते.

सबब शोधावी लागली नाही. १८३७ साली ‘दर्या दौलत’ नावाचे ब्रिटिश निशाणाचे जहाज एडनजवळ फुटले आणि किनाऱ्यावरील लोकांनी ते लुटले. त्या लुटीची भरपाई मागण्यासाठी गेलेल्या कॅप्टन हेन्सने एडनचा ताबा असलेल्या लाहेजच्या सुलतानापुढे बंदराच्या खरेदीचाच प्रस्ताव ठेवला, आणि बोलणी फिसकटल्यावर तोफा बोलल्या. खरे कारण होते कोळसा. मुंबईहून सुएझकडे आगबोटी धावू लागल्या होत्या आणि त्यांना वाटेत इंधनाचा एक भरवशाचा साठा हवा होता. जेमतेम सहाशे वस्तीच्या त्या ओसाड गावात सुरक्षित बंदरापलीकडे इंग्रजांना हवेसे वाटावे असे काहीच नव्हते. तेथे राहणाऱ्या माणसांना त्या हिशेबात स्थान नव्हते, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांतही ते फारसे लाभले नाही.

एडनची घडी बसवणारा हाच हेन्स पंधरा वर्षे तेथे पोलिटिकल एजंट होता. भोवतालच्या टोळीप्रमुखांशी तहनामे करणे, त्यांचे तनखे ठरवणे, त्यांच्या आपसांतील वैरांचा हिशेब ठेवणे हे सारे त्याने केले. फक्त सरकारी जमाखर्च नीट ठेवला नाही. १८५४ साली सुमारे २८,००० पौंडांची तूट निघाली. मुंबईच्या न्यायालयात ज्यूरीने त्याला अफरातफरीच्या आरोपातून मुक्त केले, तरी सरकारने ती रक्कम त्याच्या नावे कर्ज म्हणून लावली आणि त्याला मुंबईच्याच तुरुंगात कोंडले. सहा वर्षांनी सुटला तो आठवडाभरातच मुंबई बंदरातील जहाजावर मरण्यासाठी. या साम्राज्याला शौर्याहून वहीखात्याची चाड अधिक होती, असे म्हटले तर ते टीकाकाराचे कुत्सित बोलणे ठरू नये.

नियतीचा खेळ असा की, महाराष्ट्राला एडन ठाऊक आहे ते पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातील एका कारकुनामुळे. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेप झाली तेव्हा सरकारने त्यांना १८८० साली एडनच्या तुरुंगात पाठवले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोठडीचे दारच बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले. पण तुरुंगाबाहेर जायचे कोठे? दख्खनच्या दऱ्याखोऱ्यांत त्यांना रामोश्यांचा आसरा मिळत असे. येथे मुलूख परका, भाषा परकी, पाण्याचा थेंबही मोजून मिळणारा. ते लवकरच पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याच तुरुंगात निवर्तले. आपण त्यांना हुतात्मा म्हणून वंदन करतो ते यथार्थच आहे. मात्र हा तुरुंग मुंबई इलाख्याच्याच अमलातील होता आणि ज्या अरबांच्या भूमीवर तो उभा होता त्यांचीही ती भूमी गेलेलीच होती, याचा उल्लेख आपल्या चरित्रग्रंथांत सहसा आढळत नाही.

सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर एडनचे महत्त्व शतपट वाढले. पारशी पेढ्या आणि गुजराती बनिये यांचा पसारा वाढला, आणि बाजारात रुपया १९५१ पर्यंत चालला. पहिल्या महायुद्धात तुर्कांनी लाहेज घेऊन एडनच्या वेशीवरील शेख उस्मानपर्यंत धडक मारली तेव्हा त्यांना मागे रेटण्यासाठीही हिंदी फौजच आणावी लागली. १९३२ साली एडन मुंबईच्या हातून दिल्लीकडे गेले, आणि १ एप्रिल १९३७ रोजी लंडनच्या वसाहत खात्याकडे. त्या वेळी हिंदी व्यापाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी त्या हस्तांतराला जोराचा विरोध केला. स्वराज्य मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या बंदरावरील आपला हक्क सांगावा, यात त्यांना विसंगती दिसली नाही; त्यांनी आपल्या पैशाचा आणि रक्ताचा हिशेब मांडला, आणि एडनकरांचे मत विचारण्याची गरज ना त्यांना वाटली ना लंडनला.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी इंग्रज गेले, तेव्हा जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धाने कालवा आधीच बंद पडला होता आणि तो आठ वर्षे उघडला नाही. स्वातंत्र्याबरोबर रिकामे बंदर हाती आले. मग मार्क्सवादी राजवट, १९८६ ची आपसांतली कत्तल, १९९० चे उत्तर येमेनशी एकीकरण, १९९४ चे यादवी युद्ध, २०१५ मध्ये हौथींचा हल्ला.

ज्या एडनकराला आज आपल्या गावाची इंग्रजी अमलातील पहिली शंभर वर्षे धुंडाळायची असतील, त्याला मुंबईच्या पुराभिलेखागारातही यावे लागते. टोळ्यांशी झालेला पत्रव्यवहार, तनख्यांच्या याद्या, हेन्सच्या तुटीची चौकशी यांचे कागद तेथे बासनांत बांधून ठेवलेले आहेत, आणि त्याला ते पाहण्यासाठी व्हिसाही भारत सरकारकडेच मागावा लागतो.