पाचवा वाटेकरी

नाताळाच्या सुट्टीत मनालीच्या पुढे, सोलंग ते अटल बोगदा या टापूत गाड्यांची रीघ लागते आणि तिच्यात ‘एमएच’ पाटीच्याही बऱ्याच असतात. बंपरला लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर गणपती. टायर मात्र पुण्या-मुंबईच्या डांबरासाठी घेतलेले, आणि मे महिन्यात इंजिन तापलं तेव्हा कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी ओतलेलं. डिसेंबर 2024 मध्ये याच रस्त्यावर बर्फ पडला आणि शेकडो गाड्या तासन्‌तास अडकल्या. अशा रात्रीतून सुटलेला माणूस सहसा देवाचे आभार मानतो. मानावेतच, पण देवाच्या खात्यावर नेमकं किती टाकायचं?

गीतेच्या 18व्या अध्यायात कोणतंही कर्म घडण्यामागची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे देह, असं भाष्यकार सांगतात. बर्फातल्या गाडीपुरता तिथे रस्ता धरायला हरकत नाही. दैव यादीत आहे, पण त्याच्याआधी चौघांची नावं आहेत.

करण म्हणजे साधन, आणि थंडीत साधनं बिघडतात ती निसर्गनियमाने. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होत जातं आणि पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणजे मे महिन्यात ओतलेलं ते नळाचं पाणी जानेवारीत इंजिनचा ब्लॉक तडकवू शकते. बॅटरी मलूल होते. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत थिजतं, म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. यातल्या एकाही गोष्टीला नवस लागत नाही, गॅरेज पुरतं.

चेष्टांचा, म्हणजे हालचालींचा, हिशेबही रोकडा आहे. ताशी 40 किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी नऊ-दहा मीटरांत थांबते, गुळगुळीत बर्फावर तिला 60 मीटर लागू शकतात. घाटात दोन वळणांमध्ये एवढं अंतर असतंच असं नाही. फोर-बाय-फोरवाल्यांना हे पटत नाही. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी चढवते. थांबवायला तिचा काही उपयोग नाही. स्थानिक टॅक्सीवाला उतारावर खालच्या गिअरमध्ये रांगत उतरतो आणि डोंगराच्या सावलीतलं वळण आलं की आणखी हळू होतो, कारण उन्हातला रस्ता मोकळा झाला तरी तिथला बर्फ तसाच असतो.

मग दैवाकडे उरतं काय? जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं आणि आत हीटरसाठी इंजिन चालू असेल, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीतच साचतो. त्याला वास नसतो. वादळ दैवाचं म्हणता येईल. पण गर्दी वर सोडणारे अधिकारी चौकशीनंतर हटवले गेले, म्हणजे पाचव्याच्या वाट्यातूनही बरंच काही परत माणसाकडे आलं.

तरीही दैव पुरतं हद्दपार होत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी नैतिक नशिबाची चर्चा करताना ब्रेक न तपासलेल्या चालकाचंच उदाहरण घेतलं होतं: समोर मूल आलं तर तो आयुष्यभर अपराधी, नाही आलं तर हयगय तेवढीच असूनही त्याला कुणी विचारत नाही. सोलंगच्या उतारावर गुळगुळीत टायर घेऊन उतरलेल्या दोघांपैकी एक घसरून दुसऱ्या गाडीवर आदळतो, दुसरा हॉटेलात पोचून चहा मागवतो. कायदा पहिल्यालाच पकडणार, आणि भरपाईपुरतं ते रास्तही आहे. दोषापुरतं मात्र दुसऱ्याला सोडून देणं पटत नाही. त्याने नुकसान केलं नाही, पण ते टळलं यात त्याचा वाटा शून्य होता.

बर्फ वाढला की पोलीस साध्या गाड्या नेहरू कुंडाशीच अडवतात. हुज्जत होते, ओळखीच्यांना फोन लावले जातात. परत फिरवलेला माणूस मग सीटवर रेलून म्हणतो, नशिबातच नव्हता बर्फ.