गोटीचा तोल

धारचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात यंत्रांसाठी एक स्वतंत्र अध्याय आहे, एकतिसावा. दिव्यात तेल घालणारी बाहुली, तालावर फिरणाऱ्या आकृत्या, पाणी पिणारा लाकडी हत्ती अशी नवलाची यंत्रे त्यात येतात. पण आज खेळणे घडवायला बसलेल्या माणसाला जास्त उपयोगी पडावी ती त्याच अध्यायातली यंत्राच्या गुणांची यादी. सांधे नीट जुळलेले असावेत, पृष्ठभाग गुळगुळीत असावा, चाल सैलही नको आणि ताठरही नको. यंत्र हवे तेव्हा चालावे, हवे तेव्हा थांबावे, नको तिथे आवाज करू नये आणि पुष्कळ दिवस टिकावे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्रींनी १९२४-२५ साली हा ग्रंथ संपादित केला, आणि माळव्यातला हा विचार मराठी संस्थानाच्या खर्चाने जगासमोर आला.

हीच यादी समोर ठेवून एक अगदी साधे यंत्र घडवता येते. तळहातावर मावेल एवढी चपटी पेटी, आत दोन-चार आडव्या-उभ्या भिंती, काही भोके आणि एक गोटी. पेटी कलती करायची, भोके चुकवायची आणि गोटी शेवटच्या खळगीत नेऊन बसवायची. पेटीला ना बॅटरी लागते, ना चावी.

अशा खेळांचा इतिहास लांबलचक आहे. १८८९ साली अमेरिकेत चार्ल्स क्रँडल या खेळणीवाल्याने ‘पिग्ज इन क्लोव्हर’ बाजारात आणला. एकात एक असलेल्या गोल भिंतींमधल्या फटींतून चार गोट्या मध्यभागी न्यायच्या, एवढाच तो खेळ. वॉशिंग्टनमधले सिनेट सदस्यही त्यात गुंतल्याच्या बातम्या त्या वर्षी छापून आल्या. त्याची खुबी चौथ्या गोटीत होती. ती आत न्यायला पेटी हलवावी, तर आधी बसवलेल्या तिन्ही गोट्या बाहेर पडायला टपलेल्या. पुढे १९४६ साली स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने दोन मुठींनी पाट कलता करायचा भोकांचा चक्रव्यूह आणला आणि तो जगभर घरोघरी पोहोचला.

ज्याचा हात थरथरत नाही तो या खेळात जिंकतो, असा सर्वसाधारण समज आहे. गणित मात्र वेगळेच सांगते. प्रत्येक निरोगी माणसाचा हात थरथरतोच, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. डोळ्यांना ती थरथर सहसा दिसत नाही. आता समजा, सेकंदाला दहा वेळा होणाऱ्या या थरथरीने पेटी दोन्ही बाजूंना एकेक अंश कलली. तेवढ्याने गोटी जागेवरून हलते ती मिलिमीटरच्या तीन-शतांश भागाएवढी. एका दिशेने वेग घ्यायच्या आतच पेटी उलट्या दिशेला कललेली असते, म्हणून ही जलद थरथर गोटीला जवळपास जाणवतच नाही.

तिला जाणवतो तो सावकाश, टिकून राहिलेला कल. भरीव गोल वस्तू उतारावरून न घसरता गडगडते तेव्हा तिला घसरणाऱ्या वस्तूच्या पाच-सप्तमांश त्वरण मिळते. एक अंशाच्या उतारावर ते प्रति सेकंद प्रति सेकंद बारा सेंटिमीटर भरते. गोटी लहान असो की मोठी, काचेची असो की लोखंडाची, त्यात फरक पडत नाही. सोळा मिलिमीटर व्यासाची काचेची गोटी सुमारे साडेपाच ग्रॅमची असते आणि तेवढाच पोलादी छर्रा सतरा ग्रॅमच्या आसपास. एकाच उतारावरून सोडले तर दोघे बरोबरीने खाली येतात. टेबल टेनिसचा पोकळ चेंडू मात्र मागे पडतो, कारण त्याचे सगळे वजन कडेला असते आणि त्याला फिरवण्यात उताराची जास्त ताकद खर्च होते.

एक अंशाचा कल अर्धा सेकंद टिकला, तर गोटी सेकंदाला सहा सेंटिमीटर वेगाने धावू लागते. तिला थांबवायचे तर उलट्या बाजूला तेवढाच कल तेवढाच वेळ द्यावा लागतो. पेटी नुसती सपाट करून भागत नाही, कारण सपाट पाटावर गोटी मिळालेल्या वेगाने पुढे जातच राहते. त्यात डोळ्याने पाहून हाताने उत्तर द्यायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. नवशिक्या इथेच फसतो. गोटी निघाली की तो घाबरून जोरात उलटा कल देतो, ती दुसरीकडे धावते, तो आणखी जोरात उलटा कल देतो आणि तिसऱ्या फेरीत गोटी भोकात जाते.

तेव्हा हा खेळ ज्या स्थिरतेची परीक्षा घेतो ती निश्चल राहण्याची स्थिरता नव्हे. चूक लहान असतानाच ओळखणे, तिच्या मापाचीच दुरुस्ती करणे आणि दुरुस्ती वेळेवर मागे घेणे, या तीन गोष्टी तो तपासतो. तिन्ही सरावाने येतात, आणि त्यामुळेच हा खेळ शाळेच्या कामाचा आहे. ज्याचा हात जन्मतः कमी थरथरतो त्यालाच बक्षीस देणारा खेळ शिकवणार काय?

खेळ घडवणाऱ्याचे सगळे निर्णय या विचारातून निघायला हवेत. पहिला निर्णय भोकांमधल्या अंतराचा. सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने धावणारी गोटी हाताचे उत्तर येईपर्यंत दोन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. वाटेच्या दोन्ही अंगांना त्याहून कमी जागा ठेवली, तर त्या वेगाने जाणाऱ्याला दुरुस्तीची संधीच उरत नाही. त्याने वेग निम्मा केला, तर एक सेंटिमीटर पुरतो. म्हणजे भोकांची मांडणी करताना रचनाकार खेळाडूसाठी वेगमर्यादाच ठरवत असतो. भोके दाटीवाटीने पाडली की खेळ अवघड होतो हे खरे, पण एका मर्यादेपलीकडे तो अवघड राहत नाही, नशिबाचा होतो.

दुसरा निर्णय पृष्ठभागाचा. काचेवर किंवा सनमायकावर गोटी कलाला ताबडतोब दाद देते. पुठ्ठ्यावर जरा अडते, आणि मखमलीवर हट्टाने बसून राहून मग एकदम सुटते. असे एकदम सुटणे खेळाडूला अन्यायाचे वाटते, कारण हाताने केलेले आणि डोळ्यांना दिसलेले यांचा मेळ तुटतो. सैल नको आणि ताठरही नको, ही भोजाच्या ग्रंथातली कसोटी इथे शब्दशः लागू पडते.

तिसरा निर्णय भिंतींचा, म्हणजे गोटीला वाटेवर कशाने ठेवायचे याचा. भोजाच्या धार जिल्ह्यातच, पीथमपूरला, वाहनांच्या चाचणीसाठी नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटर लांबीचा लंबवर्तुळाकार रस्ता २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाला. त्याची वळणे बाहेरच्या बाजूने अशी उचललेली आहेत की ठरावीक वेगाने गाडी सुकाणू न वळवताही वळणाच्या वाटेवर राहते. वळवायचे काम उतारच करतो. गोटीच्या पेटीतही सुरुवातीच्या वाटेला उथळ पन्हळीसारखा आकार दिला, तर गोटी आपोआप मध्याकडे येते आणि नवख्याला धीर मिळतो. पुढे पन्हळ सपाट करत न्यावी, शेवटी भिंतही काढून घ्यावी. अवघडपणा असा पायरी-पायरीने वाढला, की हरलेल्या मुलाला आपण नेमके कुठे कमी पडलो ते कळते.

नशीब आणि कौशल्य यांची सीमारेषा भारतीय कायद्यालाही महत्त्वाची वाटली आहे. १९५७ साली चमरबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने, ज्या स्पर्धेतले यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे तिला जुगारापासून वेगळे काढले. गोटीच्या पेटीबाबत हा निवाडा सातवी-आठवीचा वर्गही करू शकतो. प्रत्येकाने वीस वेळा खेळावे आणि गोटी कुठवर गेली ते वहीत लिहावे. पहिल्या दहा आणि नंतरच्या दहा खेळ्यांची सरासरी काढावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळून क्रमवारी पाहावी. सरासरी सुधारत असेल आणि काल पुढे असलेले आजही साधारण पुढेच असतील, तर खेळ कौशल्याचा. क्रमवारी रोज विस्कटत असेल, तर भोके बुजवून नव्याने पाडायची वेळ आली आहे.

ब्रिओच्या पाटावर आता यंत्रमानवही खेळून गेला आहे. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ‘सायबररनर’ने कॅमेरा आणि दोन मोटरींच्या मदतीने सुमारे सहा तासांच्या सरावात माणसाचा नोंदलेला विक्रम मोडला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते जाहीर झाले. त्या सरावात त्याने वाटेचे काही टप्पे गाळणारे आडमार्ग शोधून काढले, आणि ते घ्यायचे नाहीत असे त्याला मुद्दाम सांगावे लागले. खेळ घडवणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. भिंतीत राहिलेली फट खेळाडू शोधतोच, म्हणून नियम भिंतींकडूनच पाळवून घ्यावेत, सूचनापत्रकावर सोडू नयेत.

मग असे खेळणे घडवायचे कुणी? माळव्यातल्याच देवासकडे याचे उत्तर आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांमधून विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करावा, त्यासाठी लागणारे साहित्य स्वस्त आणि जवळपास मिळणारे असावे, असा त्याचा पाया होता. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो माळव्यापर्यंत नेला आणि देवासला संस्थेचे केंद्र उभे राहिले. पुण्यात टेल्कोत नोकरीला असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली वर्षभराची रजा काढून या प्रयोगात सामील झाले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या केल्या, आणि पुढे पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत बसून टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती दिली. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने शाळांमधला तो विज्ञान कार्यक्रम बंद केला, हे मोठे नुकसान झाले. त्याची पुस्तके आणि त्यामागची दृष्टी मात्र कुणाला बंद करता आली नाही.

धार आणि देवास या माळव्यातल्या जिल्ह्यांच्या या दोन परंपरांमध्ये एक मूलभूत भेद आहे. भोजाच्या ग्रंथाने यंत्रांची घडण हेतुपुरस्सर झाकून ठेवली. गुप्तता राहावी म्हणून कृती दिली नाही, अज्ञानामुळे नव्हे, असा खुलासाही त्यात आहे. देवासकडच्या परंपरेने सगळे उघडे केले. यंत्राचे गुण धारच्या ग्रंथाकडून घ्यावेत, पण ते घडवण्याची रीत देवासची असावी. विकतच्या सीलबंद पेटीत मूल गोटी खेळवते आणि कंटाळून बाजूला ठेवते. स्वतः केलेल्या पेटीत ते भोक दोन मिलिमीटर सरकवते आणि काय बदलले ते पाहते. खेळाडू होता होता ते रचनाकारही होते.

साहित्य म्हणाल तर बुटाच्या खोक्याचे झाकण, लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्या, खळ आणि गोळी-सोड्याच्या फुटक्या बाटलीतली गोटी किंवा सायकल दुरुस्तीच्या दुकानातला जुना छर्रा. गोटी अर्थातच मोठ्या माणसाने काढून, धुऊन द्यावी. एक काळजी मात्र सोडू नये. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात गोटी अडकू शकते, म्हणून ती सुटी पडणार नाही असे पारदर्शक झाकण पेटीला हवेच. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली आहे. घरी केलेल्या खेळण्याला ती लागत नाही, पण त्यामागची सावधगिरी घरातही तितकीच लागू आहे.

धार-देवासच्या आणि महाराष्ट्रातल्या शाळांनी हस्तकला, गणित आणि विज्ञान यांचे तीन तास एकत्र करून हे एकच खेळणे मुलांकडून घडवून घ्यावे. तयार संच विकत आणू नयेत आणि नमुना फळ्यावर काढून देऊ नये. पहिली पेटी बिघडेल, दुसरी फार सोपी होईल. शिक्षकांनी तिसऱ्या पेटीपर्यंत थांबावे आणि मुलांच्या वह्यांतली सरासरी वाचावी.