न विझणारा दिवा

मोटार सुरू करताना एअरबॅगचा दिवा काही क्षण पेटून विझतो; ती यंत्राने घेतलेली स्वतःचीच परीक्षा होय. तो पेटलेलाच राहिला, तर आत दोष आहे व अपघातसमयी एअरबॅग कदाचित उघडणार नाही, असे समजावे. कित्येक जण त्या दिव्यावर चिकटपट्टी लावतात! साक्षीदाराचे तोंड बांधल्याने गुन्हा नाहीसा होतो काय?

पुष्कळदा दोष क्षुल्लक असतो. आसन मागेपुढे सरकवताना त्याखालील तारेचा पिवळा जोड ढिला होतो. किंवा स्टिअरिंगच्या चाकामागे गुंडाळलेली विजेची पट्टी झिजून तुटते. स्कॅनर लावला असता दोषाचा अंक कळतो. परंतु अंक पुसणे म्हणजे दोष काढणे नव्हे. हे काम जाणत्या कारागिराचेच. तोदेखील प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे स्वस्थ थांबतो, कारण त्यानंतरही आत वीज साठून असते. एअरबॅगची तार साध्या मीटरने तर कोणीही तपासू नये. तेवढ्या विजेनेही ती एकाएकी फुटू शकते, आणि तपासणाऱ्याचे तोंड त्या वेळी तिच्या समोरच असते.