जोडलेले हात आणि श्रद्धेचा प्रश्न

जपानमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या ‘जेट’ या सरकारी योजनेतून अनेक परदेशी तरुण तेथील सरकारी शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू होतात, आणि त्यांच्यातील धर्मनिष्ठ व्यक्तीपुढे एक प्रश्न रोजच्या व्यवहारातच उभा राहतो: ज्या कृतीमागील परंपरा आपली नाही, ती कृती प्रामाणिकपणे करता येते का? प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण, म्हणजे ‘क्यूशोकू’, बहुधा वर्गातच होते. पांढरे अंगरखे घातलेली मुले ते वाढतात, शिक्षकही तेच अन्न घेतात आणि सर्वजण हात जोडून ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘नम्रपणे स्वीकारतो’, असे म्हणतात. हा शिष्टाचार आहे, धर्म नव्हे, असे बहुतेक जपानी सहकारी मानतात, आणि १९४७ पासून अमलात असलेल्या संविधानाच्या २० व्या कलमानेही शासनाला धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे; तरीही त्या जोडलेल्या हातांवर बौद्ध आचाराची छाया आहे, हे नाकारता येत नाही.

कृतीचा अर्थ करणाऱ्याच्या मनातील भाव ठरवतो की भोवतालचा समाज, हा वाद जपानी शाळांना नवा नाही. १८९१ मध्ये तोक्योतील एका सरकारी विद्यालयात उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती शिक्षकाने सम्राटाच्या शिक्षणविषयक आदेशपत्रापुढे पुरेसे वाकून वंदन केले नाही, आणि त्यावरून उसळलेल्या क्षोभात त्यांची नोकरी गेली. ते वंदन पूजा नसून आदर आहे, असे त्यांना समजावले गेले होते. परंतु ज्या आदराला नकार देण्याची मुभाच नाही, त्याला केवळ शिष्टाचार म्हणणे ही आत्मवंचना होय. पुढे १९९६ मध्ये, धार्मिक कारणाने केंदोचा, म्हणजे जपानी तलवारविद्येचा, सराव नाकारणाऱ्या कोबे येथील विद्यार्थ्याला काढून टाकणे बेकायदेशीर आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि विवेकाचे हे मोल कायद्यानेही ओळखले.

म्हणून परदेशी शिक्षकाने ‘सोजी’त, म्हणजे मुलांबरोबरच्या शाळेच्या सफाईत, मनापासून हात घालावा; शेतकऱ्याविषयी आणि स्वयंपाक करणाऱ्यांविषयी कृतज्ञ राहण्यासाठी कोणत्याही देवतेची साक्ष लागत नाही. मात्र एखाद्याची श्रद्धा त्याला हात जोडू देत नसेल, तर तो शांतपणे बसून राहिला म्हणून त्याच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेऊ नये, आणि ही मोकळीक शाळेने त्याला पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगावी.