पन्नाशीतला संशोधक आणि एक जागा

पन्नाशीत अभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला अर्ज करणाऱ्याला घरापासून मुलाखतीच्या खोलीपर्यंत एकच प्रश्न ऐकावा लागतो: आता याचा उपयोग काय? पंचविशीतल्या मुलाला तो कुणी विचारत नाही.

मला दुसरा प्रश्न जास्त अवघड वाटतो: ही जागा कुणाची? यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४च संशोधक घेता येतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करणारा फेलोशिप घेत नाही (जेआरएफची वयोमर्यादा त्याने कधीच ओलांडलेली असते), पण त्या आठांतला एक तो होतोच. कुणा तरुणाची संधी जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही वीस वर्षं पुलांची देखभाल केलेल्या माणसाकडे पुस्तकात न आलेला एखादा प्रश्न असतो. कोणत्या पुलाला तडे लवकर जातात, हे त्याने पावसाळ्यामागून पावसाळे पाहिलेलं असतं. तो प्रश्न त्याच्याबरोबरच निवृत्त झाला, तर तोटा त्याच्या एकट्याचा नाही. पण बरेच जण प्रश्न नव्हे, उत्तर घेऊन येतात आणि त्यावर विद्यापीठाचा शिक्का मागतात. काहींना नावाआधी फक्त ‘डॉ.’ हवं असतं. त्यांनी अडवलेली जागा मात्र तरुणाचीच.

मुलाखतीत वयाऐवजी हे विचारावं: तुमचा इतक्या वर्षांचा अंदाज प्रयोगात खोटा ठरला, तर प्रबंधात तसं लिहाल का? तिशीतल्या मार्गदर्शकाने खोडलेलं पान पुन्हा लिहून आणाल का?