पडलेले आणि पाडलेले

२०२१ पासून स्कॉटलंडमध्ये सरकारी देखरेखीखालच्या अनेक जुन्या किल्ल्यांभोवती कुंपणे उभी राहिली. उंचावरचे दगड सुटतील अशी भीती होती, म्हणून तपासणी होईपर्यंत प्रवेश बंद. तेव्हापासून चर्चा एकाच सुरात चालली आहे: पाऊस वाढला, वालुकाश्म पाणी पितो आणि झिजतो, आता डागडुजी किती करायची आणि किती सोडून द्यायचे? पावसाबद्दलचे म्हणणे खरेच आहे. पण या चर्चेत प्रत्येक भग्न भिंतीचा वैरी एकच असतो, काळ. हे मला मुळीच पटत नाही.

कारलॅव्हरॉकचा किल्ला पाहा. डम्फ्रीजच्या दक्षिणेला, सॉल्वे खाडीजवळच्या सखल पाणथळ जमिनीवर तो उभा आहे. आराखडा त्रिकोणी, सभोवती पाण्याने भरलेला खंदक, उत्तरेच्या टोकाला जोडबुरुजांचा दरवाजा. १३०० साली इंग्लंडचा पहिला एडवर्ड मोठी फौज घेऊन आला तेव्हा आत जेमतेम साठ माणसे होती आणि ती दोन दिवस झुंजली. त्या वेढ्यावरच्या जुन्या फ्रेंच काव्याने किल्ल्याला ढालीची उपमा दिली. एवढे सगळेच सांगतात. मला बोलायचे आहे ते दक्षिणेच्या तटाबद्दल, जो आज तिथे नाही.

आतल्या चौकात पूर्वेकडे १६३४ साली निथ्सडेलचा पहिला अर्ल रॉबर्ट मॅक्सवेल याने तीन मजली वाडा बांधला. लढाईच्या किल्ल्यात असा वाडा उठवणे म्हणजे आता शांतता टिकेल यावर पैज लावणे. खिडक्या मोठ्या, ओळीने मांडलेल्या. त्यांच्या माथ्यावर कुठे त्रिकोणी, कुठे कमानदार शिरोभाग, त्यांत घराण्याची चिन्हे आणि पुराणकथांतले प्रसंग कोरलेले. लाल दगडावरचे ते कोरीवकाम आजही वाचता येते. मजल्यांच्या तक्तपोशी मात्र गेल्या, आणि शेकोट्यांचे कोनाडे भिंतीत अधांतरी राहिले. हा वाडा नांदला फक्त सहा वर्षे. १६४० मध्ये मॅक्सवेल राजा पहिल्या चार्ल्सच्या बाजूने उभा राहिला, राजाच्या धर्मधोरणाविरुद्ध उठलेल्या स्कॉटिश कव्हेनंटरांनी तेरा आठवडे वेढा घातला, आणि किल्ला हाती येताच दक्षिणेचा तट आणि आग्नेयेचा बुरूज पाडला. किल्ला पुन्हा लढता कामा नये, एवढ्यासाठी.

पुन्हा सगळे बांधून काढा म्हणणाऱ्यांना आयलन डोनन दाखवावा: १७१९ मध्ये आरमाराने उद्ध्वस्त केलेला किल्ला विसाव्या शतकात नवा उभा राहिला, आणि पाहणाऱ्याच्या नजरेतून १७१९ पुसले गेले. त्यांच्याशी याहून जास्त वाद नको.

माझा खरा वाद जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेलशी आहे, कारण तो उथळ नाही. भग्नावशेषांवरच्या त्याच्या निबंधाचा आशय असा: वास्तू म्हणजे वर चढू पाहणारे मन आणि खाली ओढणारे वजन यांचा समेट. इमारत ढासळते तेव्हा निसर्ग आपला वाटा परत घेतो, आणि त्यातूनच अवशेषांची शांती येते. माणसाने केलेल्या विध्वंसात ही मोहिनी नसते, हेही तो ओळखतो. म्हणजे भेद त्याला दिसला होता. पण त्या भेदावर त्याने फक्त रसिकतेचा निवाडा दिला: मोहिनी नाही, म्हणून ही उदाहरणे बाजूला. मला वाटते, विचार नेमका तिथूनच सुरू व्हायला हवा होता. कारलॅव्हरॉकच्या दक्षिणेला वजन जिंकलेले नाही. तिथले दगड खाली आहेत ते कुणीतरी ठरवून खाली आणले म्हणून.

झिमेलचा दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. माणसे इमारत नुसती ढासळू देतात तेव्हा तीही निसर्गाच्याच बाजूची होतात, असे तो म्हणतो. मग वाड्याच्या कुजलेल्या तक्तपोशींचे काय? त्या तर कुणी पाडल्या नाहीत. मान्य. पण त्या गेल्या कारण वाडा सोडून दिला गेला, आणि वाडा सोडला गेला कारण तट उरला नव्हता. इथले पडणे हे पाडण्याचेच उरलेले काम आहे. हे सर्वत्र असेच असते असा माझा दावा नाही. जिथे नोंद आहे, तिथे तरी ते काळाच्या खात्यावर घालू नये.

मराठीत हा भेद एका कान्याचा आहे. ‘पडणे’ अकर्मक, तिथे भिंत आपली आपणच पडते. ‘पाडणे’ म्हटले की कुणी, हा प्रश्न लगेच येतो. १६४० च्या वाक्याला कर्ता आहे, कव्हेनंटर. आणि १३१२ च्या सुमाराच्या वाक्यालाही आहे. तेव्हा किल्ला इंग्रजांच्या हाती पडून त्यांच्या उपयोगी येऊ नये म्हणून तो पाडला खुद्द त्याच्या धन्याने, युस्टस मॅक्सवेलने, आणि स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने त्याला त्याची भरपाई दिली.