आतील सांधा

कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्याच मार्गावर जयसिंगपूर आहे. या स्टेशनावर गाडीत चढणारा मनुष्य बसावयास जागा पाहतो. सांधे कोणी पाहत नाही. तर मग, जे कोणाच्या दृष्टीस पडावयाचे नाही, ते नीट करण्यास मनुष्य बांधलेला आहे काय?

१८२९ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडात रेनहिल येथे आगगाडीच्या इंजिनांची परीक्षा झाली. बक्षीस ५०० पौंडांचे होते. ‘नॉव्हेल्टी’ नावाचे हलके, सुबक इंजिन वाऱ्यासारखे धावले व लोकांच्या मनात भरले. ‘रॉकेट’ हे दुसरे इंजिन न्यूकॅसल येथे रॉबर्ट स्टीफनसन याने बांधले होते. हेन्री बूथ याच्या सूचनेवरून त्याच्या बाष्पपात्रात तांब्याच्या २५ नळ्या घातल्या होत्या. विस्तवाची धग नळ्यांतून जाई व भोवतालच्या पाण्याची वाफ लवकर होई. परंतु जितक्या नळ्या अधिक, तितके सांधेही अधिक. म्हणून स्टीफनसनाने ते पात्र पाण्याने भरून त्यावर मोठा दाब दिला. तेव्हा टोकाचा पत्रा वाकू लागला. त्याने काम तेथेच थांबविले, आतून लोखंडी गज लावून पत्रे आवळले आणि मगच पुढे पाऊल टाकले.

रेनहिल येथे नॉव्हेल्टीचे सांधे निकामी झाले व तिला माघार घ्यावी लागली. रॉकेटने नेमलेले सर्व अंतर तोडून बक्षीस मिळविले.

नॉव्हेल्टी बांधणारे लबाड नव्हते. त्यांना वेळ थोडा मिळाला. हेतू शुद्ध होता, पारख अपुरी राहिली. यावरून दिसते की, ‘माझे मन साफ होते,’ हे उत्तर अर्धेच होय. वाफ कोणाचा हेतू विचारीत नाही.

कोणी म्हणेल, कच्चा सांधाही पुष्कळदा टिकतो. तो टिकला तर दोष कसला? दोष हाच की, कारागिराने दुसऱ्याचा जीव त्यास न विचारता पणास लावला. ज्याला आत पाहता येत नाही, त्याने आपले डोळे आपल्या हवाली केलेले असतात. म्हणून झाकलेल्या कामाची जबाबदारी उघड्या कामाहून कमी नाही, अधिक आहे.

वाचकहो, गुळाचा रवा वरून पिवळाधमक दिसतो. आत काय आहे हे गुळव्यास ठाऊक. घराचा पाया मातीखाली जातो. तो कसा भरला हे गवंड्यास ठाऊक. आपल्याही कामात असा एखादा आतील सांधा असतोच. त्यावर दाब पडण्यापूर्वी आपणच तो देऊन पाहावा.